पोच येईपर्यंत केर नाही

कडा, ता. आष्टी
दि. १२ जानेवारी २०२६

चि. तेजश्री हीस,

आबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू दोन तारखेला सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला गेलीस, त्याला आज दहा दिवस झाले. अजून तुझी पोच नाही. त्याच दिवशी संध्याकाळी तू शेजारच्या बायनाबाईच्या फोनवर सुखरूप पोचल्याचं सांगितलंस, आणि तिनं ते माझ्या कानाशी येऊन ओरडून सांगितलं, हे खरं. पण फोन म्हणजे पोच नव्हे. माझे कान गेले आहेत. बायनाबाईनं सांगितलेलं निम्मं तुझं असतं आणि निम्मं तिचं.

तुझ्या आजीचा नियम तुला ठाऊक आहे. घरातलं माणूस गावाला गेलं की ते पोचल्याचं पत्र येईपर्यंत केर काढायचा नाही. तुझा बाप चाकणला कंपनीत गेला तेव्हा तिनं आठ दिवस केरसुणीला हात लावला नव्हता. आता ती नाही, तर नियम मोडायला मी कोण? मी कारखान्याच्या फाटकावर बत्तीस वर्षं काढली. गेलेली गाडी परत आल्याचं लिहून होईपर्यंत पान पलटलं नाही. शिक्षण माझं चौथीपर्यंतच, पण लिहिलेलं तेच खरं, एवढं मला तिथं समजलं.

त्यामुळे घर तू सोडून गेलीस तसंच आहे. तू सुट्टीत माळावरून गवताच्या पेंढ्या आणून पेपरात दाबत बसायचीस, त्याची कुसळं अजून सगळीकडे आहेत. परवा बायनाबाई कालवण घेऊन आली आणि तिच्या लुगड्याला पाच-सहा चिकटली. म्हणाली, म्हातारबा, घर हाय का गुरांची छावणी. मी ऐकू न आल्यासारखं केलं. कान गेल्याचा तेवढाच फायदा.

पाणी तापवायची ती तारेची कांडी चालू असताना बादलीत हात घालू नकोस. मेसच्या भाजीत नीट बघून मगच घास घे. आणि तुझ्या खोलीत आलेली ती धनश्री दिवसभर कानात बोंडं घालून बसते, म्हणजे तिलाही माझ्यासारखंच कमी ऐकू येतं की काय? एवढ्या लहान वयात? तिला डॉक्टरला दाखवायला सांग.

दूध काल पुन्हा उतू गेलं, पण पातेलं वाचलं. संक्रांतीचे तीळ बायनाबाईकडून येतील. माझी काळजी करू नकोस. पोच मात्र पाठव.

माया आहेच, ती पत्रानं कळत राहू दे.

तुझा,
आबा

कोल्हापूर
दि. १८ जानेवारी २०२६

ती. आबांस,

तेजश्रीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. आबा, पोच तर मी चार तारखेलाच लिहून टाकली होती. वसतिगृहाच्या फाटकाजवळच्या पेटीत स्वतःच्या हातानं टाकली. कुठं अडकली कुणास ठाऊक. आता हे पत्र हीच पोच समजा. मी सुखरूप पोचले, बसायला जागा मिळाली, पुण्यापुढं थोडं मळमळलं, बाकी काही नाही. कृपा करून घर झाडा. तुमचा तो खोकला त्या धुळीचाच आहे.

धनश्रीला व्यवस्थित ऐकू येतं. ती गाणी ऐकते. तिला तुमचं वाक्य वाचून दाखवलं तर कितीतरी वेळ हसत होती. बरी आहे, पण बोलत नाही. आधीची बबिता भांडायची तरी. तिचं लग्न झालं आणि ती गेली. पहिले काही दिवस मेस बंद होती, तेव्हा मी तुमच्या इथून आणलेल्या भाकरी पाण्याचा हात लावून तव्यावर गरम करून शेंगांच्या चटणीबरोबर खाल्ल्या. शेवटची भाकरी संपली त्या दिवशी उगाच रडू आलं. भाकरीसाठी कुणी रडतं का? मलाच हसू आलं मग.

तास सुरू झालेत. सकाळी प्रयोगशाळा, दुपारी ग्रंथालय, संध्याकाळी गॅलरीत कपडे वाळत टाकायचे. सगळ्यांचे फोन वाजत असतात. मी फोन करून बोलावं असं माणूस ऐकू शकत नाही, म्हणून मी मनात वाक्यं जुळवत बसते, पत्रात लिहायला. लिहायच्या वेळेला ती शिळी वाटतात.

एक गोष्ट सांगायची होती, घरी असताना तोंडातून निघाली नाही. हे शेवटचं सत्र प्रकल्पाचं आहे. विषय ठरवून फॉर्म द्यायचा आहे, शेवटची तारीख दहा फेब्रुवारी. तो द्यावा की नाही, याच विचारात आहे. आष्टीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला बाई हवी आहे असं कळलं. बी.एस्सी. चालते. कड्याहून रोज ये-जा करता येईल. सुट्टीत मी तीन पातेली बुडाशी काळी झालेली बघितली आबा. तुम्ही कडी लावत नाही, कारण कुणी वाजवली तर ऐकू येत नाही, हेही बघितलं. एम.एस्सी.चं दोन वर्षांचं शिक्षण शेवटाला आलंय हे मला कळतं. पण इथं बसून मी गवत मोजायचं आणि तिथं तुम्ही एकटे, हे काही पटत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.

आईपप्पा चाकणला मजेत आहेत. पप्पा म्हणतात, आबांना इकडंच घेऊन या. मी म्हटलं, तुम्हीच विचारून बघा.

जीव लावता तसाच लावत राहा.

आपली,
तेजू

कडा
दि. २३ जानेवारी २०२६

चि. तेजश्री हीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं.

आधी पोचेचं. हे पत्र पोच धरता येणार नाही. पोच म्हणजे पोचल्या पोचल्या लिहिलेलं. हे तर माझ्या पत्राचं उत्तर झालं. फाटकावर मागाहून नोंद करायला कुणी आलं तर मी सरळ परत लावायचो, मग तो चेअरमनचा पाहुणा का असेना. चार तारखेचं ते पत्र आलं की मी लगेच झाडीन. पोस्टमन अंगद रोज दारावरून जातो, त्याला रोज विचारतो.

आता शाळेचं. मी परवा आष्टीला जाऊन आलो. कामाला नाही, सहज. एसटीत चांगली जागा मिळाली. शाळा नवीन बांधलेली आहे, पत्र्याची नाही, स्लॅबची आहे. समोर लिंबाचं झाड आहे, त्याखाली बाया डबा खायला बसतात. मी शिपायाला विचारलं, तर त्यानं पाटीवर लिहून दाखवलं की जागा अजून भरलेली नाही. बसथांबा तिथून पाच मिनिटांवर आहे. संध्याकाळी साडेपाचची गाडी धरलीस तर दिवस मावळायच्या आत घरी. हे तुला कळावं म्हणून लिहिलं. तुझ्यावर जोर नाही. शिकलेली तू आहेस, मी काय सांगणार?

तुझी कोपऱ्यातली खाट उन्हात टाकून झटकली. ढेकूण नव्हते. तुझ्या ट्रंकेवरचे डबे खाली काढून ठेवले, म्हणजे आलीस तर उघडायला बरं.

आज थंडी फार आहे. तिकडे असेल का? चादर दुहेरी कर. पातेल्यांचं मनावर घेऊ नकोस, ती जुनीच होती.

आठवण ठेव, तेवढं बस.

तुझा,
आबा

कोल्हापूर
दि. २८ जानेवारी २०२६

ती. आबांस,

सा. न. वि. वि.

आबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचं खोटं पकडण्यात गेली, स्वतःचं शिकायचं राहून गेलं.

तुमच्या पहिल्याच पत्रात तुम्ही धनश्रीचं विचारलंत. कानातल्या बोंडांसकट. मीही वेडी, उत्तर देऊन मोकळी झाले. काल रात्रीची भांडी धुताना एकदम डोक्यात आलं. धनश्री या खोलीत तीन तारखेला आली. फोनवर मी बोलले ती दोन तारखेला. तिच्याबद्दल मी फक्त एकाच ठिकाणी लिहिलं होतं, चार तारखेच्या पत्रात. म्हणजे पोचेत.

मग मी बायनाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अगं नऊ तारखेलाच आलंय की पत्र, अंगदनं माझ्यासमोर दिलंय, म्हातारबानं दोनदा वाचून कॅलेंडरच्या मागं खोचलंय. आणि म्हणाल्या, केर तसाच हाय. मी झाडाया लागले तर म्हातारबानं केरसुणी हातातून घेतली. कावून असं करत्यात ते काय कळंना.

मला कळलं आबा. आजी गेली तेव्हाही तुम्ही तिच्या फणीतले केस काढू दिले नव्हते. पण तिला जाऊन दीड वर्ष झालं आणि मी कुठं गेलेली नाही. मी फक्त कोल्हापूरला आहे.

हे वाचून तुम्हाला राग येईल, येऊ दे. माझं ठरलं. तुम्ही महिनाभर धुळीत बसून राहणार असाल तर मी इथं प्रकल्प करून काय करू? फॉर्म देणार नाही. दहा तारीख गेली की सामान घेऊन येते. तुम्ही शाळा बघून आलातच. लिंबाच्या झाडापर्यंत सगळं लिहिलंत, फक्त ये असं लिहिलं नाहीत. ते मी वाचून घेतलं. आल्यावर पहिल्या दिवशी मी झाडीन.

मॅडमना अजून सांगितलं नाही. त्या आज म्हणाल्या, तुझे गवताचे नमुने वर्गात सगळ्यात नीट दाबलेले आहेत. मी हो म्हटलं आणि बाहेर आले.

रागावलात तरी लिहा.

आपली,
तेजू

कडा
दि. २ फेब्रुवारी २०२६

चि. तेजश्री हीस,

आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतो आहे, म्हणजे दहाच्या आत पोचेल. मिळाल्याबरोबर आधी पुढचं वाक्य वाच, बाकीचं नंतर. फॉर्म दे.

तुझं पत्र आज दुपारी आलं. पोच मला नऊ तारखेलाच मिळाली होती. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मी खोटं बोललो.

पत्र वाचून मी बराच वेळ उंबऱ्यावर बसलो. बायनाबाई आली, तोंड बघून काय झालं ते विचारलं. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नाही हे विसरलो. मग मीच वाचून दाखवलं, मोठ्यानं, मला माझा आवाज कळत नाही त्यामुळे गल्लीनं ऐकलं असेल. ती आधी हसली. मग माझ्या कानाशी तोंड आणून एवढंच म्हणाली की केशरबाईनं स्वतः शेतात राबून या नातीच्या हातात पुस्तक दिलं, आन तुमी तिच्या हातात केरसुणी द्यायला निघालाव. हे मात्र पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

मी तुला खरं सांगतो. पोच आली त्या सकाळी मी केरसुणी घेतलीच होती. तुझ्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी म्हणून वाकलो. तिथं तुझ्या पेन्सिलीची टरफलं पडली होती, गोल, अख्खी. मला वाटलं आज राहू दे. उद्या बघू. उद्याही तसंच झालं. मग वाटलं, पत्र आलंच नाही असं म्हटलं तर कुणाचं काय बिघडतं? नियमाचं नाव पुढं केलं की माणसाला स्वतःला काही सांगावं लागत नाही. पण बिघडलं. तुझंच बिघडायला निघालं.

आष्टीला मी सहज गेलो नव्हतो. तुला घरी आणायची वाट शोधायला गेलो होतो. येताना गाडीत मला आनंद झाला होता, याची आता लाज वाटते.

तेव्हा आज झाडलं. चार वाजता सुरुवात केली, दिवे लागणीपर्यंत चाललं. कंबर धरली आहे, पण ते जाऊ दे. खाटेखालून, ट्रंकेमागून, सगळं. काय निघालं ते लिहितो, म्हणजे तुझा विश्वास बसेल. टरफलं. तुझी केसांची एक काळी पिन. शेंगांची फोलपटं. एक कागदाची चिठ्ठी, तिच्यावर इंग्रजीत काही लिहिलेलं आहे, ती कामाची असेल म्हणून सोबत घातली. आणि कुसळं. ती मुठीत मावली नाहीत. थोडी काड्यापेटीत भरून सोबत पाठवली आहेत, बोटाला टोचतील, जपून उघड. बाकीचा केर उकिरड्यावर टाकून आलो. बायनाबाई तिच्या दारातून बघत होती, तिला साक्षीला धर.

माझ्यासाठी येऊ नकोस. सुट्टीला ये. पातेल्यांचा बंदोबस्त झाला आहे, दूध बायनाबाई तापवूनच देणार आहे, बदल्यात मी तिची शेळी बांधायची-सोडायची.

फॉर्म दिलास की त्याची पोच पाठव. तीही लेखी.

प्रेम कमी करू नकोस, खोटारड्या म्हाताऱ्यावर सुद्धा.

तुझा,
आबा

कोल्हापूर
दि. ९ फेब्रुवारी २०२६

ती. आबांस,

सा. न. वि. वि.

फॉर्म आज दिला. ही पोच. दिल्या दिल्या लिहिते आहे, कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून, म्हणजे तुमच्या फाटकावर चालेल.

पत्र शुक्रवारीच मिळालं होतं. तीन दिवस फॉर्म पिशवीत घेऊन हिंडत होते. तुमच्याच घराण्यातली आहे मी, आज राहू दे, उद्या बघू. मग आज सकाळी काड्यापेटी प्रयोगशाळेत नेली. त्या चिठ्ठीवर गवताचं नाव आणि जागा लिहिलेली आहे, ती मी सगळीकडे शोधत होते. मॅडमनी एक कुसळ ओल्या टिपकागदावर ठेवलं आणि म्हणाल्या, बघ. ते हळूहळू फिरायला लागलं. त्याच्या शेपटीला पीळ असतो, पाणी लागलं की तो सुटतो आणि सगळं कुसळ गोल फिरतं. टोक खाली असेल तर फिरत फिरत स्वतःच जमिनीत शिरतं. कुणी पेरावं लागत नाही. वाळलं की पुन्हा पीळ पडतो. धनश्री माझ्या शेजारी होती, तिनं कानातली बोंडं काढली आणि चक्क पाच मिनिटं बघत राहिली.

तर माझ्या प्रकल्पाचा विषय ठरला, बालाघाटाच्या माळावरची कुसळी. नमुना कुठून मिळवला असा रकाना होता. मी लिहिलं, कडा, ता. आष्टी, राहत्या घरातून. मॅडम हसल्या, पण खोडलं नाही.

एकटं वाटतं आबा, ते फॉर्म दिल्यानं गेलं नाही. आताही बाकावर बसले आहे तर सगळे घोळक्यानं चहाला चाललेत. पण संध्याकाळी पुन्हा कुसळं बघायला जायचं आहे, तेवढं एक आहे.

पाडव्याला येते. कंबरेला शेक घ्या. शेळीच्या मागं धावू नका.

लोभाची सवय लावलीत, ती मोडू नका.

आपली,
तेजू

कडा
दि. १६ फेब्रुवारी २०२६

चि. तेजश्री हीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी पोच मिळाली. मिळाली असंच लिहितो आहे, बघ. अंगदच्या हातातून घेतली आणि त्याच्यासमोरच मोठ्यानं सांगितलं की मिळाली. तो घाबरून दोन पावलं मागं सरकला.

काल महाशिवरात्र झाली. भगर आणि शेंगदाण्याची आमटी बायनाबाईनं दिली. कंबर आता वाकते. शेळी ऐकत नाही, मला ऐकू येत नाही, आमचं बरं जमतं.

घर रोज झाडतो. काही निघत नाही. एकट्या माणसाचा केर किती असणार? तरी झाडतो, सकाळी एकदा. पायाला काही टोचत नाही, त्याची अजून सवय व्हायची आहे. तुझी खाट भिंतीला उभी करून ठेवली आहे, पाडव्याच्या आदल्या दिवशी टाकीन, त्याआधी नाही. ट्रंकेवर डबे परत ठेवले.

ये म्हणून लिहिलं नाही असं तू लिहिलं होतंस. आता लिहितो. पाडव्याला ये. आणि पाडव्यानंतर जा. दोन्ही माझ्या हातानं लिहिलेलं आहे, तेव्हा ते खरं.

तिकडे ऊन वाढलं असेल, डोक्यावर ओढणी घेत जा. टिपकागद ओला करताना विजेच्या बटणाला हात लावू नकोस. धनश्रीला माझा आशीर्वाद सांग, आणि बोंडं काढल्यावर तिच्याशी बोलत जा.

असाच जीव राहू दे, जवळ असलीस तरी आणि नसलीस तरी.

तुझा,
आबा

ता. क. एक कुसळ माझ्या धोतराच्या काठात अडकून राहिलं होतं. ते केरात धरत नाहीत, म्हणून काढलं नाही. काल धोतर धुताना ते ओलं झालं आणि तू लिहिलंस तसं खरंच फिरायला लागलं. मी धोतर दोरीवर टाकलं आणि ते थांबेपर्यंत तिथंच उभा राहिलो.